कापडी लंगोट : हिशेब धुण्याचाही मांडावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाळासाठी कापडी लंगोट वापरावेत की एकदा वापरून टाकून द्यायचे डायपर, या विषयावर आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लेखिकेचा कौल कापडाच्या बाजूने आहे आणि माझाही आहे. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण लेखात कापूस, निसर्ग, बाळाची त्वचा आणि आजीचा अनुभव या सगळ्यांना ऐसपैस जागा मिळाली असली, तरी ते लंगोट रोज कोण धुणार, कशात धुणार आणि कुठे वाळवणार, याची बोळवण मात्र ‘स्वच्छ धुऊन पुन्हा वापरता येतात’ एवढ्या पाच शब्दांत केली आहे. गेले चौदा महिने माझ्या नातीचे लंगोट धुण्याचे काम माझ्याकडे आहे. सेवानिवृत्तीनंतर अंगावर घेतलेले हे एकमेव नियमित काम असल्यामुळे मी त्याकडे जरा जास्तच काटेकोरपणे पाहतो, असे घरचे म्हणतात. पण कापडी लंगोट डायपरपेक्षा बरे की वाईट, याचा निकाल त्या पाच शब्दांतच लागतो, असे माझे मत झाले आहे. ते थोडे विस्ताराने मांडू द्यावे, ही विनंती.

आधी टाकून द्यायच्या डायपरबद्दल, कारण त्याला नुसती नावे ठेवून भागत नाही. नात जन्मली तेव्हा आमच्याही घरात त्याची पाकिटे होती. एके दुपारी मी त्यातला एक कोरा डायपर जुन्या वर्तमानपत्रावर (आपल्याच, क्षमस्व) पसरून कात्रीने उभा कापला. बाळाच्या अंगाला लागतो तो न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पदर, त्याखाली लाकडाच्या लगद्याचा पिंजलेल्या कापसासारखा थर, त्या थरात मिसळलेले साखरेसारखे पांढरे कण, सर्वांत खाली पाणी न झिरपू देणारा पॉलिथिलीनचा पडदा, आणि कडेने इलॅस्टिक व गोंद, अशी ती रचना निघाली. खरी करामत त्या पांढऱ्या कणांची, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची. चमचाभर कण झटकून पेल्यात घेतले आणि वर पाणी ओतले, तर मिनिटभरात पेला उलटा केला तरी थेंब सांडणार नाही असा गोळा तयार झाला. मग त्यात चिमूट-दोन चिमूट मीठ टाकून ढवळले, तसा तो गोळा सैल पडून पाणी सोडू लागला. शुद्ध पाणी असेल तर हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या काही शे पट पाणी धरून ठेवतो, पण द्रवात क्षार असले की ती क्षमता तीस-पन्नास पटींवर येते. लघवी खारटच असते. म्हणजे जाहिरातीत निळे पाणी ओतून जे दाखवतात त्यापेक्षा प्रत्यक्षातली मजल कमी असते. तरीही ती कापडाच्या कितीतरी पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

लेखात डायपरचा उल्लेख ‘आजच्या पिढीची आळशी सोय’ असा आला आहे, तोही मला पटला नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅरिअन डोनोव्हन या बाईंनी सतत ओल्या होणाऱ्या चादरी बदलून कंटाळल्यावर न्हाणीघराच्या पडद्याचे कापड कापून कापडी लंगोटावर चढवायचे जलरोधक आवरण शिवले आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज कापडी लंगोटाचे पुरस्कर्ते जी आवरणे वापरतात, त्यांची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही. पुढे प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतले रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स यांच्या पुढाकाराने टाकून द्यायच्या डायपरवर काम सुरू झाले आणि १९६१ मध्ये ‘पँपर्स’ बाजारात आले. या मिल्स यांना आपल्या नातवंडाचे लंगोट बदलण्याचा अतोनात कंटाळा होता, असे सांगतात. पाणी धरणारे ते कण डायपरमध्ये आले १९८०च्या दशकात, आणि तेव्हापासून तो पातळ, हलका आणि रात्रभर पुरणारा झाला. एका आजोबांनी कंटाळून जे चक्र एका दिशेने फिरवले, ते उलट फिरवायला दुसरा आजोबा बसला आहे, याची मला बादलीपाशी अनेकदा गंमत वाटते. पण मुळात ही सोय आळसातून आलेली नाही. धुणे हे अवघड काम आहे आणि ते कोणाच्या तरी एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडत होते, म्हणून ती आली.

आता कचऱ्याचा भाग. नवजात बाळाचे लंगोट दिवसाला आठ ते बारा वेळा बदलावे लागतात, पुढे ही संख्या पाच-सहावर येते. अडीच वर्षांचा हिशेब केला तर एका बाळामागे चार-पाच हजार डायपर सहज होतात. त्यांच्या जागी चोवीस-पंचवीस कापडी लंगोट पुरतात आणि नीट वापरले तर पुढच्या भावंडालाही चालतात. डायपर मातीत मिसळायला ५०० वर्षे लागतात, हे वाक्य लेखात आहे आणि सगळीकडेच असते. प्लॅस्टिक अतिशय सावकाश झिजते हे खरेच, पण पँपर्ससारखा टाकून द्यायचा डायपर बाजारात येऊन साठ-पासष्ट वर्षे झाली असताना ५०० हा आकडा कोणी मोजून सांगितलेला असू शकत नाही, तो अदमास आहे. चांगल्या बाजूचा माणूस असा आकडा छातीठोकपणे सांगतो तेव्हा समोरच्याच्या हाती आयते कोलीत मिळते, म्हणून हे लिहिले.

कचऱ्याविषयी मला त्याहून जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. डायपर गुंडाळून टोपलीत टाकताना आपण त्यातली शीसुद्धा कचऱ्यात टाकतो. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते असा एक गोड समज आहे, परंतु जुलाबाला कारण होणारा रोटाव्हायरस बाळाच्या शीतूनही पसरतो, आणि तोंडावाटे दिलेल्या पोलिओ लशीतला विषाणूसुद्धा काही आठवडे शीतून बाहेर पडत असतो. शौचालयात जायला हवी ती गोष्ट कचरा उचलणाऱ्या आणि निवडणाऱ्या माणसांच्या हाताखाली येते. शिवाय लगदा, दोन-तीन तऱ्हेचे प्लॅस्टिक, गोंद आणि भिजलेले कण हे सगळे एकमेकांना चिकटलेले असल्याने त्यातून पुन्हा वापरण्याजोगे काही काढणे फार कठीण जाते. जे डायपर वापरतात त्यांनीही शी आधी शौचालयात टाकून मगच डायपर गुंडाळावा, एवढी एक ओळ लेखात असती तर बरे झाले असते. कापडी लंगोटात ही गोष्ट आपोआप होते, कारण शी काढल्याशिवाय तो धुताच येत नाही.

इथवर पारडे कापडाकडे झुकते. यापुढचा भाग लेखात नाही. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २००५ मध्ये दोन्ही प्रकारांचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा एकूण पर्यावरणीय भार मोजला, तेव्हा दोहोंत म्हणण्याजोगा फरक आढळला नव्हता. २००८ मध्ये तो अभ्यास सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला. त्यात एका बाळाच्या अडीच वर्षांसाठी टाकून द्यायच्या डायपरचे हरितगृह वायूंचे प्रमाण सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरले, तर कापडी लंगोटांचे सरासरी सुमारे ५७०, म्हणजे किंचित जास्तच. कापडाच्या बाजूच्या अनेकांनी तेव्हा हा अभ्यास खोडून काढण्याचा प्रयत्न केला. खरे तर तो त्यांनी पाठ करायला हवा होता. कारण त्याच अहवालात पुढे असे दिसले की, यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा हा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. उलट अतिगरम पाण्यात धुऊन प्रत्येक वेळी यंत्राच्या गरम हवेत वाळवले, तर तो डायपरच्या बराच पुढे जातो. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याने नव्याने केलेल्या अभ्यासात टाकून द्यायच्या डायपरसाठी सुमारे ४५७ किलो आणि कापडी लंगोटांसाठी सुमारे ३४५ किलो असे आकडे आले. म्हणजे कापडाचा भार २५ टक्क्यांच्या आसपास कमी. डायपरचा बहुतेक भार कारखान्यात तयार होतो आणि त्यावर आपले नियंत्रण नसते. कापडाचा बहुतेक भार आपल्या घरात, बादलीत आणि यंत्रात तयार होतो. कापड निवडणारा माणूस ती जबाबदारी स्वतःकडे घेतो, आणि ती नीट पेलली नाही तर निवडीचा फारसा उपयोग उरत नाही.

म्हणून आमच्या घरी काय केले जाते ते सांगतो. आमच्याकडे चोवीस लंगोट आहेत आणि दिवसाआड धुणे निघते. शी शौचालयात झटकून टाकायची आणि लंगोट लगेच गार पाण्याखाली धरून खळबळायचा. पाणी गारच हवे, कारण शीतली प्रथिने गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. त्यानंतर तो लंगोट भोके असलेल्या उघड्या टोपलीत कोरडाच ठेवायचा. बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत मी सुरुवातीला केली, पण दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच अमोनियाची अशी वाफ यायची की डोळ्यांत पाणी उभे राहत असे. शिवाय त्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि इलॅस्टिकही लवकर जाते. धुण्याच्या दिवशी यंत्रात आधी गार पाण्याची एक फेरी, मग ६० अंशांवर साबणाच्या पूर्ण मापाची लांब फेरी. यंत्र अर्धे रिकामे असेल तर दुसऱ्या फेरीच्या वेळी पंचे आणि चादरी त्यातच जातात. पाणी जड असेल तर साबण थोडा जास्त लागतो, हे मला शेजारच्या एका अनुभवी आजींनी सांगितले आणि ते खरे निघाले.

साबण कमी घातला तर कपडा ‘नाजूक’ राहतो, अशी समजूत असते. लंगोटाच्या बाबतीत कमी साबण म्हणजे आत राहिलेली लघवी, आणि आत राहिलेली लघवी म्हणजे पुढच्या वेळी ओला होताच उठणारा भपकारा.

कापडाच्या प्रकारांवर लेखात बरीच जागा खर्ची पडली आहे, तेव्हा मी थोडक्यात आटोपतो. सगळे थर एकत्र शिवलेले, टिचबटणांचे, रंगीत नक्षीचे लंगोट घालायला सोपे आणि वाळायला महाकठीण. आमचे निम्म्याहून जास्त लंगोट म्हणजे साधे, चौकोनी, एकपदरी सुती कापड आहे, ते घडी घालून वापरायचे आणि वरून जलरोधक आवरण चढवायचे. ते दिसायला गावठी आहेत, पण उलगडून दोरीवर टाकले की तास-दोन तासांत खडखडीत वाळतात, आणि दमट दिवसांत याच एका गुणाला किंमत असते. मायक्रोफायबरचे (अतिबारीक कृत्रिम धाग्यांचे) थर लवकर शोषतात खरे, पण बाळ बसले की दाबाने तेवढ्याच लवकर पाणी सोडतात, आणि ते थेट त्वचेला लावायचेही नसतात, कारण त्वचेतला ओलावाच ओढून घेतात. नवे सुती लंगोट आणल्या आणल्या गळतात म्हणून अनेक जण पहिल्या आठवड्यात नाद सोडतात. कोऱ्या कापसात नैसर्गिक मेण असते, ते चार-पाच धुण्यांनंतर निघून जाते आणि मग कापड खऱ्या अर्थाने पाणी प्यायला लागते, एवढे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वाळवण्याबद्दल एकच निरीक्षण नोंदवतो. दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग साबणाने कितीही घासला तरी फिकट उरतोच. असा एक लंगोट मी सकाळी नऊच्या सुमारास ओलाच उन्हात पसरला, डाग वरच्या अंगाला ठेवून, आणि दर अर्ध्या तासाने जाऊन पाहत राहिलो. साडेअकराला डागाची कड तेवढी ओळखू येत होती आणि दुपारी जेवणानंतर तो कुठे होता हे मलाच शोधून सापडेना. ऊन त्या पिवळ्या रंगद्रव्याचे विघटन करते, दुसरे काही लागत नाही. जलरोधक आवरणे मात्र सावलीत वाळवावीत, कडक उष्णतेने त्यांचा आतला लेप सुटतो.

त्वचेविषयी लेखातील ‘कापडाने पुरळ येत नाही’ हे विधान मला धोक्याचे वाटते. बाळाच्या मांडीखाली जो लालसरपणा येतो त्याचे कारण कापड किंवा प्लॅस्टिक एवढे साधे नसते. त्वचा बराच वेळ ओली राहते, घासली जाते, शीतल्या जंतूंच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होऊन तिथली आम्लता घटते, आणि तशा स्थितीत शीतली पाचक द्रव्ये त्वचेला जास्त त्रास देतात. म्हणजे शू आणि शी एकत्र जितका वेळ अंगाला लागून राहील तितका धोका अधिक. आधुनिक डायपर ओल आत ओढून धरतो, हा त्याचा गुण आहे. कापडाला ते जमत नाही, म्हणून कापडी लंगोट ओला झाला की बदलावाच लागतो. बाळाला जागेपणी मी दर दोन तासांनी पाहतो आणि शी झाली असेल तर तत्काळ. वारंवार बदलणे होणार नसेल तर कापडाने पुरळ जास्तच येईल, हे लिहायला हवे होते. दुसऱ्या बाजूला, फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण व कामगार आरोग्याविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये बाजारातल्या डायपरमध्ये सुगंधी द्रव्यांसह अनेक नकोशी रसायने आढळल्याचे आणि त्यांपैकी काहींचे प्रमाण सुरक्षित मर्यादेबाहेर असल्याचे सांगून ती काढून टाकण्याची शिफारस केली होती. तेव्हा डायपर घ्यायचाच असेल तर निदान बिनवासाचा घ्यावा. आणि लालसरपणा दोन-तीन दिवसांत उतरला नाही, किंवा लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे लंगोटाचा वाद थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दोन पायांमध्ये कापडाचे बोचके आल्याने बाळाचे पाय फेंगडे होतात, ही भीती आमच्याही घरात बोलून दाखवली गेली. तान्ह्या बाळाचे पाय गुडघ्यात दुमडलेले आणि बाहेरच्या बाजूला फाकलेले असणे ही खुब्यासाठी नैसर्गिक ठेवण आहे. खुब्याला धोका पोहोचतो तो पाय ताणून, सरळ करून, घट्ट गुंडाळल्याने.

आता रात्रीचे आणि घराबाहेरचे. इथे मी शुद्धतावादी नाही. रात्री आमची नात डायपर घालून झोपते, कारण तिची झोप आणि तिच्या आईची झोप या दोन्ही गोष्टी माझ्या तत्त्वापेक्षा मोलाच्या आहेत. लांबच्या प्रवासातही तेच. सुनेची कामावरची रजा संपली तेव्हा नातीला ज्या पाळणाघरात ठेवायचे ठरले, तिथे कापडी लंगोट घेतले जाणार नाहीत असे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. कारण विचारले तर ‘वास येतो आणि मुली तयार होत नाहीत’ असे उत्तर मिळाले. मला राग आला होता, पण नंतर विचार केला तेव्हा त्या मुलींचे म्हणणेही मला कळले. वीस बाळांचे मळलेले लंगोट दिवसभर सांभाळायला त्यांना ना टोपली दिली होती ना जागा. त्यामुळे सध्या दिवसातले सात तास डायपर, उरलेला जागेपणीचा वेळ कापड, रात्री पुन्हा डायपर, अशी आमची विभागणी आहे. तरीसुद्धा दिवसाला तीन-चार डायपर वाचतात आणि वर्षभरात त्यांची संख्या हजारावर जाते. अर्धवट कापड वापरणारे लोक हे जणू अपराध केल्यासारखे कबूल करतात, याचे मला आश्चर्य वाटते.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगितली पाहिजे. तिसऱ्या महिन्यात अचानक सगळे लंगोट गळू लागले. घातल्यावर दहा मिनिटांत बाळाची झबली ओली. आवरणे बदलून पाहिली, घड्या बदलून पाहिल्या, कापडच निकृष्ट म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावले. पंधरा दिवसांनी सहज एका वाळलेल्या लंगोटावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला, तर तो आत मुरण्याऐवजी अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन वरच थरथरत राहिला. मग उलगडा झाला. लंगोट कडक लागतात म्हणून मी शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालत होतो, आणि त्याचा मऊपणा म्हणजे धाग्यावर बसणारा मेणचट लेपच असतो. पुढे चार वेळा नुसत्या गरम पाण्यात, साबणाविना, फेस येणे थांबेपर्यंत ते सगळे धुतले, तेव्हा कुठे कापड पूर्ववत झाले. पुरळावर लावायच्या जस्तयुक्त मलमाचाही असाच लेप बसतो, म्हणून मलम लावल्यावर आम्ही मध्ये जुन्या मलमलीचा एक तुकडा ठेवतो.

हे सारे इतक्या बारकाईने लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. लेखाच्या शेवटी ‘आपल्या आज्या-आयांनी हे हसत-हसत केले’ असे वाक्य आहे. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा घरात डायपर नव्हते, सगळे कापडी होते, यंत्रही नव्हते. त्या काळातली माझी आठवण म्हणजे मागच्या दोरीवर ओळीने वाळत घातलेले पांढरे लंगोट, वाऱ्यावर हलणारे, दिसायला सुरेख. ते दोरीपर्यंत कसे पोहोचत हे मी कधी पाहिले नाही, कारण मी त्या वेळी कामावर असे किंवा झोपलेला असे. परवा पत्नीला विचारले, तू खरेच हसत-हसत करायचीस का? ती म्हणाली, ‘हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या, त्यात साबण गेला की कळ मस्तकात जायची. आणि तुम्ही एकदाही विचारले नव्हते.’ यापुढे मला त्या वाक्याचे कौतुक वाटणे शक्य नाही.

म्हणूनच कापडी लंगोटाचा सल्ला आईला उद्देशून देऊ नये, असे मला वाटते. बाळंतपणात पोटावर टाके पडलेली बाई, जुळ्यांची आई, एकटीने मूल वाढवणारी आई, जिच्या घरी पाणी दिवसातून तासभरच येते किंवा वाळत घालायला एक खिडकीही नाही अशी आई, यांना ‘थोडे कष्ट घ्या’ म्हणणे सोपे आहे. हा सल्ला घरातल्या रिकाम्या हातांना द्यावा, आणि ते प्रत्येक घरात एक-दोन तरी निघतात. आमच्याकडे ठरले ते असे: लंगोट बदलण्याचे काम जो जवळ असेल त्याचे, खळबळण्याचे काम ज्याने बदलला त्याचे, यंत्र लावण्याचे आणि वाळत घालण्याचे माझे, घड्या घालण्याचे मुलाचे. सुनेच्या वाट्याला यातले एकही ठरावीक काम मुद्दाम दिलेले नाही. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दोनदा शीचा लंगोट तसाच यंत्रात गेला आणि त्यासोबत मुलाचे शर्टही. त्यानंतर माझ्या कामाची गुणवत्ता सुधारली, ती कौतुकामुळे नव्हे.

ओला लंगोट जाणवल्यामुळे कापडातली मुले लवकर सांगायला शिकतात, असा लेखात दावा आहे. आमची नात शू झाली की खेळ थांबवून खाली वाकून पाहते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. ती सांगायला कधी लागेल हे तीच ठरवेल.

जे घर कापड वापरून पाहू इच्छिते, त्याने आरंभीच चोवीस लंगोट घेऊ नयेत. सहा साधे चौकोनी सुती लंगोट आणि दोन आवरणे घ्यावीत, पंधरा दिवस फक्त सकाळच्या वेळी वापरावीत, आणि त्या पंधरा दिवसांत धुणे कोणाकडे येऊन साचते ते पाहावे. एकाच व्यक्तीकडे साचत असेल तर आधी वाटणी बदलावी, लंगोट नंतर वाढवावेत.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत ‘लंगोट मऊ राहण्यासाठी शेवटच्या पाण्यात थोडे सॉफ्टनर घालावे’ अशी सूचना छापली आहे. ती वाचून आज कितीतरी घरांत बाळाची झबली ओली होत असतील आणि दोष कापडाला दिला जात असेल. कृपया त्या सूचनेची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक